आईला पंख्याचा हिशेब शिकवणाऱ्या मास्तरांना

आदरणीय मास्तर,

सविनय नमस्कार.

माझी आई पुन्हा रात्री पंखा लावून झोपू लागली आहे आणि त्याचे श्रेय सर्वस्वी तुमचे आहे, हे चारचौघांत सांगावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. तुमचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. आयटीआयमध्ये तुमच्या हाताखाली शिकलेले वायरमन गोव्यातल्या पेडणे तालुक्यात गावोगावी आहेत, त्यांना ते सांगावे लागणार नाही.

वीजबिल वाढू लागले तेव्हा तुमच्या आधी घरी आलेल्या तंत्रज्ञाने मीटरकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. दारातच उभे राहून त्याने छताकडे बोट दाखवले आणि आईला सांगितले, "रात्रभर पंखा चालतो ना, मग बिल येणारच." त्यानंतरच्याने सॉकेटमध्ये लावायची एक छोटी पेटी पुढे केली आणि ती लावताच बिल निम्म्यावर येईल असे छातीठोकपणे सांगितले. तसल्या पेटीत बहुधा एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा एवढेच असते, आणि घरगुती मीटर प्रत्यक्ष खर्ची पडलेली वीज मोजत असल्याने तिच्यामुळे युनिट कमी होत नाहीत, हे तुमच्याकडून नंतर कळले. पेटी आम्ही घेतली नाही. पण पहिल्याचे ते वाक्य मात्र आईच्या मनात रुतून बसले. सत्तरी ओलांडलेली, पेन्शनवर घर चालवणारी ही बाई मे महिन्याच्या घामट रात्री पंखा बंद करून, पुठ्ठ्याने वारा घेत पडून राहू लागली. ज्याने हिशेब न करता ते वाक्य उच्चारले, त्याचा मला आजही राग येतो. विजेचे काम करणाऱ्याचा शब्द म्हाताऱ्या माणसांना वेदवाक्य वाटतो, आणि एवढी जाण ज्याला नाही त्याने कुणाच्या घरी जाऊन सल्ले देऊ नयेत.

तुम्ही आलात आणि दोष कुठे आहे ते थोड्याच वेळात सापडले. न्हाणीघरातला गिझर सकाळपासून रात्रीपर्यंत चालूच राहत होता, आणि विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा पंप टाकी भरून वाहू लागली तरी थांबत नव्हता. हा पंप तासाला जवळपास एक युनिट घेतो. एवढे सांगून तुम्ही निघाला असता, तरी आम्ही तुमचे ऋणी राहिलो असतो.

पण तुम्ही मला नव्हे, आईला हाक मारलीत. पडवीतल्या मीटरसमोर तिच्यासाठी खुर्ची मांडलीत, घरातले सगळे बंद करून फक्त तिच्या खोलीतला पंखा लावायला मला सांगितलेत आणि म्हणालात, "वहिनी, हा तांबडा दिवा किती वेळा लुकलुकतो ते तुम्ही मोजा, मी घड्याळ बघतो." आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० इम्पल्स असे छापलेले आहे, म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट भरते. आईने चष्मा सारखा करून, ओठांनी पुटपुटत मोजले: मिनिटाला चार. मग पंखा बंद करून गिझर लावला, तेव्हा तिची मोजणी मध्येच सुटली, कारण २००० वॉटचा गिझर त्याच मिनिटात शंभराहून अधिक वेळा दिवा लुकलुकवतो. ती तुमच्याकडे पाहत राहिली. तुम्ही हसला नाहीत, "बघा, मी सांगितले नव्हते का" असेही म्हणाला नाहीत. तिच्या शेजारी बसून वहीचे एक पान फाडलेत आणि मोठ्या, ठसठशीत मराठी अक्षरांत लिहू लागलात.

ते पान आता देवघराशेजारच्या भिंतीवर आहे. ७५ वॉटचा पंखा आठ तास चालला तर ०.६ युनिट. १५ लिटरच्या गिझरमधले पाणी ३५ अंशांनी तापवायलाही साधारण तेवढीच वीज. म्हणजे रात्रभराचा वारा एका खेपेच्या गरम पाण्याच्या किमतीत मिळतो. त्याखाली तुम्ही जे लिहिलेत, ते मला इतकी वर्षे बिले भरूनही कुणी सांगितले नव्हते: आपल्याकडे शंभर, दोनशे, तीनशे, चारशे अशा टप्प्यांनी दर चढत जातो, म्हणून वाचवलेले युनिट नेहमी वरच्या, सर्वांत महाग टप्प्यातले असते, स्थिर आकार मात्र वीज वाचवली तरी भरावाच लागतो. बिलाची रक्कम युनिटांनी भागून निघणारा सरासरी दर धरला, तर बचत बहुधा खऱ्यापेक्षा कमी दिसते. सातवीपर्यंत शिकलेल्या आईला हे पटले, कारण तुम्ही ते तिला समजेल असे गृहीत धरूनच सांगितलेत.

मास्तर, ज्ञान असलेली माणसे पुष्कळ भेटतात. समोरच्या म्हाताऱ्या बाईला हिशेबात सामील करून घेणारी फार थोडी. तुमच्यासारखे लोक प्रत्येक गावात असतात, कुणी बँकेतला फॉर्म वाचून दाखवतो, कुणी औषधांच्या पाकिटांवर सकाळ-संध्याकाळ लिहून देतो, आणि त्यांच्या या कामाची कुठे नोंदही होत नाही. निदान तुमची तरी व्हावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता एक विनंती. भाऊ आईच्या खोलीत एसी बसवायचे म्हणतो आहे. एसीच्या स्टार लेबलवर छापलेली वार्षिक युनिट वर्षातले १६०० तास धरून काढलेली असतात, हे आईने तुमच्याकडून ऐकून लक्षात ठेवले आहे, आणि आपल्या खोलीत एसी किती तास चालेल त्याचा वेगळा हिशेब मांडल्याशिवाय ती खरेदीला होकार द्यायला तयार नाही. आकडेमोड तिने स्वतः करून ठेवली आहे, ती फक्त तुमच्या नजरेखालून जायला हवी. चवथीच्या आधी सवडीने एखाद्या संध्याकाळी यावे, आणि या खेपेला जेवूनच जावे, असा आईचा निरोप आहे.

आपली ऋणी,
पडवीतल्या त्या मीटरवाल्या घरची लेक