मूर्तिजापूर जंक्शन आपल्या परसात

चि. छकुली हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

परसातली अवजारांची खोली वाढवायचं नक्की केलं आहे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली खोक्यांत पडून असलेले तुझ्या छोट्या नमुना-रेल्वेचे रूळ, इंजिनं, डबे सगळं इकडे आण. खोली कशी बांधतो आहे ते सविस्तर लिहितो, कारण मिस्त्री पावसाळ्याआधी जोत्यावर येणार आणि काही गोष्टी त्याला आत्ताच सांगाव्या लागतील. भिंती उभ्या झाल्यावर प्रत्येक बदलाला छिन्नी लागते.

जुनी खोली तशीच ठेवतो. वखर, डवरे, तिफन, फवारणीचे पंप, स्प्रिंकलरचे पाईप हे सगळं तिथंच राहील. शेतीचं सामान हलवून आगगाडीला जागा करावी हे मला पटत नाही, तुलाही पटणार नाही. तिला लागून उत्तरेकडे बारा बाय वीस फुटांची नवी खोली येईल, ती पूर्ण तुझी.

आता पायाचं. आपली जमीन काळी. पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला हीच माती मानवते, पण भिंतीला ती स्वस्थ बसू देत नाही. गावातल्या किती घरांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा गेल्यात, ते तू पाहिलंच आहेस. म्हणून मिस्त्रीला सांगितलं आहे की काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. आपल्या परसात तो साडेचार-पाच फुटांवर लागतो. पायाच्या दोन्ही अंगांना खोदलेली माती परत ढकलायची नाही, तिथंही मुरूमच भरून कुटायचा, म्हणजे पावसात फुगलेली माती थेट पायाला रेटणार नाही. बाहेरून तीन फुटांची फरसबंदी, तिला अंगणाकडे उतार. पत्र्यावरचं पाणी भिंतीच्या मुळाशी जिरलं नाही तर अर्धी लढाई जिंकलीच. वाळवीचं औषध खोदाईतच टाकून घेतो.

जुनी भिंत आणि नवी भिंत एकमेकींत गुंफायची नाही, हा माझा सगळ्यात मोठा आग्रह. मिस्त्रीचं म्हणणं, विटा दातऱ्यात बसवून दोन्ही एकजीव करू. मी नाही म्हटलं. जुनी खोली कित्येक पावसाळे झेलून बसायची तेवढी बसली आहे. नवी अजून बसायची आहे, आणि पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत ती थोडी तरी हलणार. दोघींना बांधून टाकलं की चीर कुठून जाईल ते आपल्या हातात राहत नाही. मध्ये इंचभर सांधा ठेवतो, त्यात थर्मोकोल, वरून पट्टी, आणि ती पट्टी एकाच बाजूला ठोकलेली. मग नवी खोली खुशाल आपल्या जागी बसू दे.

याचा तुझ्या कामाशी थेट संबंध आहे. तुझं टेबल भिंतीत ब्रॅकेट ठोकून टांगू नको. भिंत सुताभरानं हलली तरी नऊ मिलिमीटरच्या रुळाला ते फार होतं. टेबल आपल्या पायांवर उभं राहावं आणि प्रत्येक पायाखाली बोल्ट असावा, म्हणजे पावसाळा संपला की पातळी लावून पाना फिरवला की झालं. जुन्या भिंतीतून गाडी पलीकडच्या खोलीत न्यायची असेल तर सांध्यावर फूटभराचा सुटा पूल कर, दोन्ही टोकांना फिशप्लेट, म्हणजे रूळ जोडणारी पट्टी, सरकती ठेव. रूळ दोन्ही खोल्यांवर एकसंध ठोकला तर पहिल्याच पोळ्यापर्यंत वाकलेला दिसेल.

टेबलाच्या सांगाड्याला बाजारातलं नवं लाकूड घ्यायचं नाही. जुन्या घराच्या सागवानी कड्या गोठ्यात रचून ठेवल्या आहेत. त्यांना जेवढं आकसायचं होतं तेवढं त्या माझ्या लहानपणीच आकसल्या. त्या चिरून दोन बाय एकच्या पट्ट्या काढतो. वर बारा मिलिमीटरचा पाण्याला टिकणारा प्लाय, आणि त्याच्या कडांना न चुकता प्रायमर, कारण प्लाय ओल पितो तो कडेनंच.

आता ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि टिनाखाली तर विचारूच नको. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी ठेवत नाही. दोन खिडक्या उत्तरेला, दार पूर्वेला, पत्रा बाहेर अडीच फूट. जुन्या खोलीसारखे कवेलू घालायचं मनात होतं, खोली थंड राहते, पण वानरं येऊन फिरवाफिरव करतात आणि एक कवेलू सरकलं की धार नेमकी तुझ्या स्टेशनावर. म्हणून टिनच, खाली हातभर जागा सोडून छत, आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळी, म्हणजे तापलेली हवा निघून जाईल.

तुझी आई म्हणते, कूलर लावा. त्या खोलीत कूलर नको, बाई. कूलरची हवा ओली असते. माणसाला बरं वाटतं, पण प्लाय फुगतो, रुळांवर काळपट थर धरतो आणि इंजिन अडखळायला लागतं. वीस फुटांचा धातूचा रूळ हिवाळ्यातल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत तीनेक मिलिमीटर वाढतो, हे मी हिशेब करून पाहिलं. तेवढं प्रत्येक जोडात केसभर फट ठेवून सांभाळता येतं. ओलीला असा उपाय नाही. तेव्हा उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत काम करायचं आणि दुपारी झोपायचं, सगळं गाव तेच करतं.

विजेचं तुला आवडेल असं एक सांगतो. लाईन गेली तरी गाडी थांबणार नाही. आपल्या फवारणी पंपाची बॅटरी बारा व्होल्टची आहे, आणि तुझी साधी डीसी इंजिनंही बाराच व्होल्टवर चालतात. मध्ये तुझा कंट्रोलर आणि एक अँपिअरचा फ्यूज टाकला की झालं. फक्त कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत बॅटरी आधी शेताला मिळेल.

आता ज्यासाठी एवढं लांब पत्र लिहायला बसलो ते. तू म्हणालीस की बर्फाचे डोंगर आणि बोगदे असलेला युरोपचा देखावा करायचा, कारण त्याचं सगळं सामान तयार मिळतं. खोली तुझी, हातही तुझे. पण बापाचं एक ऐक. या खोलीत मूर्तिजापूर जंक्शन कर. आपली शकुंतला, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची ती छोटी नॅरोगेज गाडी, कर.

मी कागदावर मापं मांडून बघितली, आणि मापं इतकी जुळून येतात की मला रात्री झोप लागेना. शकुंतलेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. तुझ्या नमुन्यांचं एचओ प्रमाण खऱ्याच्या एकास सत्याऐंशी. भागाकार केला की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि तुझ्याकडे एन गेजचे, म्हणजे त्याहून छोट्या नमुन्यांचे, रूळ आहेत ते नऊचे. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. ब्रॉडगेजचा १६७६ मिलिमीटरचा हिशेब १९.३ वर येतो आणि तयार रूळ साडेसोळाचे, तो फरक राहील. राहू दे. मुंबई-हावडा मेनलाईन तयार रुळांवर पळव आणि तुझी सगळी मेहनत नॅरोगेजवर घाल. शेजारी शेजारी दोन रूळ पडले की कोण मोठा आणि कोण धाकटा ते बघणाऱ्याला सांगावं लागणार नाही.

आणि जंक्शन तरी कसं! १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली ती याच मोठ्या मार्गानं. पुढे त्याला येऊन मिळाल्या या दोन धाकट्या लाईनी. एक यवतमाळकडून दारव्हा, कारंजा करत येणारी, सुमारे ११३ किलोमीटरची, आणि दुसरी अचलपूरची, अंजनगाव-दर्यापूरवरून येणारी. किलिक निक्सन कंपनीनं त्या टाकल्या त्या कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला, मुंबईहून मँचेस्टरला. देश स्वतंत्र झाला, बाकी रेल्वे सरकारच्या झाल्या, आणि ही लाईन तरीही कंपनीच्या मालकीची राहिली. गाडी मात्र भारतीय रेल्वे चालवायची. हे मी वर्गात मुलांना सांगायचो तेव्हा त्यांचा विश्वास बसायचा नाही.

काळ निवडायचा तर १९९४च्या एप्रिलआधीचा निवड. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं झेडडी वर्गाचं वाफेचं इंजिन सत्तर वर्षांहून जास्त राबलं आणि १५ एप्रिल १९९४ला उतरवलं, मग डिझेल आलं. तू त्या वाफेच्या गाडीत बसली आहेस, माझ्या मांडीवर. तुला आठवत नसेल, पण कोळशाची कणी डोळ्यात गेली म्हणून कारंज्यापर्यंत रडत होतीस. हे इंजिन कुठं तयार मिळणार नाही. चाकांचा सांगाडा एन गेजचा घे आणि वरचं अंग पितळेच्या पत्र्याचं नाहीतर प्लॅस्टिकचं तुला घडवावं लागेल. तुझ्या हातात ते कसब आहे. डब्यांची आणि वाघिणींची ठेवण बघायला नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात जाऊ. २००२ साली सुरू झालं ते, आणि तिथल्या गाड्या याच अडीच फुटी गेजच्या आहेत. मी टेप घेऊन येतो, तू वही घे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तर तुझ्या घराजवळच आहे. पुन्हा एकदा जा आणि या वेळी गाड्यांपेक्षा टेबलाच्या खालची जोडणी बघ.

सगळी लाईन मात्र मावायची नाही. ११३ किलोमीटरचे एकास सत्याऐंशीनं तेराशे मीटर होतात, म्हणजे आपल्या परसातून निघून शाळेच्याही पुढे. तुझी वीस फुटांची भिंत म्हणजे खरे साधारण ५३० मीटर. त्यात एक स्टेशन नीट बसतं, दोन कोंबायची नाहीत. मूर्तिजापूर नव्या खोलीत घे. ब्रॉडगेज चारही भिंतींच्या कडेनं पूर्ण फेरा घेईल, दाराशी उचलता येईल असा पूल. टेबल अडीच फुटांपेक्षा रुंद नको, पलीकडचा घसरलेला डबा हाताला आला पाहिजे. मेनलाईनची वळणं सैल ठेव. आपला प्रवासी डबा या प्रमाणात साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो, तो घट्ट वळणावर कोपरं बाहेर काढतो. शकुंतलेला घट्ट वळण चालतं, आणि ती मूळची हळूच जाणारी.

मग यवतमाळची लाईन जुन्या भिंतीतल्या भोकातून अवजारांच्या खोलीत जाईल. तिथं तिफनीच्या वरच्या बाजूला, चार फुटांवर, फूटभर रुंदीच्या फळीवर दारव्हा. यापेक्षा चांगली जागा दारव्ह्याला कुठं मिळेल?

सामानाची काळजी करू नको. झाडांना पऱ्हाटीचे आणि तुराट्यांचे शेंडे, उन्हात खडखडीत वाळवून ठेवतो म्हणजे किडा लागत नाही. रुळांखालच्या गिट्टीला नाल्यातली रेती तीनदा चाळतो, पण त्यातून लोहचुंबक फिरवल्याशिवाय वापरायची नाही. आपल्याकडचा दगड काळा, त्याच्या रेतीत चुंबकाला चिकटणारे कण असतात आणि ते जाऊन बसतात इंजिनाच्या मोटारीत. कापसाच्या गाठींना कापूस घरचाच.

दुसरं एक काम मी सुरू केलं आहे. गाडी बंद होऊन काही वर्षं झाली. रुळांवर गवत चढलं आहे, आणि लाईन रुंद करायचं बोलणं कितीदा तरी झालं आहे. ती झाली तर मला आनंदच होईल, आपल्या पोरांना यवतमाळला स्वस्तात जाता येईल. पण मग जुनं स्टेशन, पाण्याची टाकी, फाटक यातलं काहीच राहणार नाही. ज्यांनी त्या लाईनवर नोकरी केली ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. माझ्या ओळखीतल्या दोघांकडे जाऊन बसतो आहे. टाकी कोणत्या अंगाला होती, इंजिन कुठं वळवायचे, कापसाच्या वाघिणी कोणत्या सायडिंगला लावायचे, सगळं वहीत नकाशा काढून लिहून घेतो. त्यातल्या एकांना आता नीट दिसत नाही, पण बोटानं चादरीवर सगळे सांधे काढून दाखवतात. तू येशील तेव्हा तुला त्यांच्याकडे नेईन. तुझं टेबल त्यांच्या हाताला लागावं अशी माझी फार इच्छा आहे. डोळ्यांना नाही दिसलं तरी रूळ बोटांना कळतील.

आता मला तुझ्याकडून तीन गोष्टी लगेच हव्यात. जुन्या भिंतीतलं भोक जमिनीपासून किती उंचीवर आणि किती रुंद. मी चार फूट धरतो आहे, तुझं टेबल त्याहून खाली असेल तर सांग. वायरींचे पाईप जमिनीतून घ्यायचे की भिंतीतून. आणि ब्रॉडगेजचा फेरा दारावरून जाणार असेल तर दार बाहेर उघडणारं करावं लागेल, सुतार चौकट करायला घेतो आहे, त्याला उद्या-परवाच सांगायचं आहे. फोनवर सांगू नको, कागदावर काढून फोटो पाठव, मिस्त्रीला कागद दाखवला की तो ऐकतो.

जवाईबापूंना नमस्कार. नातीला सांग, तिच्यासाठी स्टूल करतो आहे, चार फुटांवरची गाडी तिला दिसली पाहिजे. तुझी आई लोणच्याची बरणी पाठवते आहे.

तुझा,
बाबा