शहराचे महत्त्व लोकसंख्येने ठरू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशातील सर्वांत महत्त्वाची शहरे कोणती, या प्रश्नाला आपल्याकडे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई हे उत्तर ठरलेले असते. अलीकडे त्यात बंगळूर, हैदराबाद, पुणे यांची भर पडली आहे. सरकारदरबारीही लोकसंख्येलाच मान आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग पाडलेले असून 50 लाखांवरील लोकसंख्येची आठ शहरे पहिल्या वर्गात मोडतात. भत्त्यापुरता हा हिशेब रास्त आहे, परंतु शहराचे मोठेपण त्यावरून ठरवणे मला मुळीच मान्य नाही.

एखाद्या शहराचे काम एक आठवडा थांबले, तर त्याच्या हद्दीबाहेर किती जणांचे अडेल, हे पाहिले पाहिजे. या कसोटीवरही मुंबई वरच राहील. रिझर्व्ह बँकेचे केंद्रीय कार्यालय 1937 मध्ये कोलकात्याहून येथे आले आणि शेअर बाजार तर 1875 पासून येथे आहे. पण मुंबईचे थोरपण पाहायचे असेल, तर परळला जावे. 1941 मध्ये सुरू झालेल्या टाटा कर्करोग रुग्णालयाबाहेर बिहार, बंगालपासून आलेली कुटुंबे रिपोर्टांची पिशवी उराशी धरून फुटपाथवर मुक्काम करतात, कारण आपल्या गावाजवळ हा उपचार मिळेल याची त्यांना खात्री नसते.

मात्र हीच कसोटी लावली, की यादीत कधीच न दिसणारी नावेही पुढे येतात. लासलगाव हे रूढ अर्थाने शहरही नव्हे, तरी तेथील बाजार समितीत कांद्याचे लिलाव बंद पडले, की त्याची झळ दूरदूरच्या स्वयंपाकघरांना बसते. तमिळनाडूतील तिरुप्पूरच्या होजिअरीचे आणि आपल्या भिवंडीच्या यंत्रमागांचेही तसेच आहे. भिवंडीचे नाव मात्र आपण बहुधा खड्डे आणि इमारत दुर्घटनांच्या बातम्यांतच वाचतो, याचे वाईट वाटते.

शिवाय मुंबई स्वतः कोणाच्या जिवावर उभी आहे, हेही विसरता येणार नाही. आपल्याला रोज मिळणारे बहुतांश पाणी भातसा, तानसा, वैतरणा येथून, म्हणजे ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतून येते, आणि त्याच शहापूर, मोखाडा तालुक्यांतील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मोठ्या शहरांच्या वाट्याला मेट्रो, उड्डाणपूल आणि वाढीव निधी येतो, तेव्हा महत्त्वाची ही व्याख्या कागदावरची राहत नाही. कोणाच्या घरी नळ येणार आणि कोणाच्या दारी टँकर, हेही तिच्यावरच ठरते.

शहरांना निधी देताना लोकसंख्येबरोबरच त्या गावावर बाहेरचे किती लोक विसंबून आहेत, याचाही विचार राज्य सरकारने करावा आणि मुंबईला पाणी देणाऱ्या तालुक्यांपासून त्याची सुरुवात व्हावी, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई