पिनांचं पाकीट आणि पुन्हा भरलेलं मैदान

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर लिहितो आहोत. धाराशिव जिल्ह्यात गावोगावी मैदानं आहेत, तिथेही तुम्ही शाळेच्या पीटीत मुलींना खेळायला आणलंत तसं कुणीतरी करावं म्हणून. पीटीच्या तासाला भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या सातवी-आठवीच्या पोरी आता सकाळी फाटक उघडायच्या आधीच येऊन थांबतात. ते बघून अजूनही गळा दाटतो.

आधी ओढणी टाचायच्या त्या पिनांबद्दल बोलू द्या. ओढणी घेऊन पळणारी पोरगी एका हाताने ओढणी धरते. पळताना दोन्ही हात कोपरात वाकून मागे-पुढे हलले तरच पायाला जोर मिळतो. एक हात छातीशी अडकला की पाऊल आखूड पडतं, आणि खो-खोत तर दिशा बदलताना तोल जातोच. पोरगी पडते, पोरं हसतात, दुसऱ्या दिवशी तिचं पोट दुखायला लागतं. वर्षानुवर्षं याला ‘मुलींना आवड नसते’ असं नाव दिलं गेलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मैदानात येऊन आधी स्वतःची ओढणी दोन्ही खांद्यांवर टाचलीत, टोकं पाठीमागे नेऊन कमरेला गाठ मारलीत आणि उरलेलं पाकीट कट्ट्यावर उघडं ठेवून खांबाकडे चालू लागलात. ‘ओढणी काढा’ म्हणाला असतात तर निम्म्या घरांतून निरोप आला असता. ‘लाजता कशाला’ म्हणाला असतात तर पोरी आणखी आक्रसल्या असत्या. एकेक करून सगळ्यांनी पिना उचलल्या. पुढे, पडताना पिन उघडली तर टोचेल म्हणून तुम्ही ओढणीला आणि कुर्त्याच्या खांद्याला टिचबटणं शिवायला शिकवलंत. दोन बटणं, दहा मिनिटांचं काम. आम्ही इतकी वर्षं खो-खो घेतो. आमच्यातल्या कुणालाही हे सुचलं नव्हतं.

याआधी ज्यांच्याकडे पीटीचं काम होतं त्यांच्याबद्दल मनात राग आहे, आणि तो झाकायची इच्छा नाही. पीटीचा तास गणिताला द्यायचा, उशीर झाला की मैदानाला पाच फेऱ्या, गृहपाठ नसला की उठाबशा. व्यायाम ही शिक्षा आहे असं लेकराला रोज शिकवलं तर ते मोठं होऊन व्यायामाला कशाला जाईल? वर दोन कॅप्टन उभे करून एकेक गडी निवडायची पद्धत. शेवटी उरलेल्या पोराला सगळ्या वर्गासमोर कळतं की आपण कुणालाच नको आहोत. सत्काराच्या भाषणात मात्र खो-खोपटू सारिका काळेचं नाव हटकून घेतलं जायचं. ती आपल्या धाराशिवची, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, त्याचा अभिमान आम्हालाही आहेच. पण संघाची निवड झाली की बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, एवढाच खेळ त्यांच्या वाट्याला उरायचा.

तुम्ही खेळाची मांडणीच बदललीत. नियमाने खेळायचं तर खो-खोत आठ गडी पाटीवर बसतात, नववा पाठलाग करतो आणि समोर तिघं पळतात. म्हणजे पंचेचाळीसच्या वर्गात बारा खेळणार आणि तेहेतीस बघणार. तुम्ही एका मैदानात तीन छोटी मैदानं आखलीत. प्रत्येकी पाच बसणारे, एक पाठलाग करणारा, दोन पळणारे, पाळी दोन मिनिटांची. जागा बदलायला रांगेत उरलेल्यांना फार थांबावंच लागत नाही. दोन बसणाऱ्यांत अंतर साधारण दोन मीटर. त्याहून जास्त ठेवलं तर पळणारा हाती लागत नाही आणि पाठलाग करणारा कंटाळतो. आणि मोठा बदल म्हणजे बाद झालेला बाहेर बसत नाही. तो पाटीवर जातो, पाटीवरचा उठून पळायला येतो. एरवी सगळ्यात आधी बाद होतं ते हळू पळणारं लेकरू, म्हणजे ज्याला हालचालीची सगळ्यात जास्त गरज तेच सगळ्यात जास्त वेळ बसून राहतं. पाळी लहान ठेवल्यामुळे उकिडवं बसून पायाला मुंग्या येणंही थांबलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलं आहे की ५ ते १७ वर्षांच्या मुलांची दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगली हालचाल व्हावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस चांगला दम लागेल आणि हाडं-स्नायू बळकट होतील असं काही असावं. हे ऐकून पालक घाबरतात. तुम्ही तो तास तोडून दाखवलात: शाळेला चालत येणं, मधल्या सुट्टीत लंगडी, संध्याकाळी दोरीवरच्या उड्या. दोरी कशी मापायची हेही सांगितलंत: मध्यावर पाय ठेवून दोन्ही मुठी वर ओढल्या की काखेपर्यंत याव्यात. लांब दोरी पायात अडकते आणि लेकरू म्हणतं, मला जमत नाही.

होळी झाल्यावर वेळ सकाळी साडेसहाची केलीत, हे फार बरं झालं. आपल्याकडचं ऊन चेष्टेचं नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यांनी चार घोट पाणी, तहान लागो न लागो. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं यातलं काहीही दिसलं की लगेच लिंबाच्या सावलीत, ओला टॉवेल मानेवर, आणि त्या दिवशी पुन्हा खेळ नाही. पाळीच्या दिवसांत खेळायचं की बसायचं हे ज्या त्या मुलीने ठरवायचं, कारण विचारायचं नाही. प्रथमोपचाराच्या पेटीत पॅड आणि पेटीची किल्ली नववीतल्या मुलीकडे.

भरतीसाठी ८०० मीटरची तयारी करणाऱ्या मोठ्या पोरीही आता तुम्हालाच विचारायला येतात. डांबरीवर एकदम अंतर वाढवून नडग्या धरून बसल्या होत्या. तुम्ही त्यांना पांदीच्या मऊ वाटेवर आणलंत, एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, बोलता येईल इतक्याच वेगाने. दुखणं कमी झालं.

समोरच्याला न लाजवता त्याची अडचण ओळखणारी माणसं थोडी असतात, मॅडम. अशा माणसांचं नाव कुठल्या फलकावर लागत नाही, पण गावं त्यांच्यावरच उभी असतात. हे आम्ही कुणाच्या भाषणातून उचललेलं नाही. मैदानावर रोज बघतो आहोत.

आता कामाचं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात पायाला चिकटून बसते. मुरूम टाकायचं ठरलं आहे, ट्रॉल्यांची जबाबदारी पालकांनी घेतली. चार बोटं थर, त्यावर पाणी, मग रोलर, आणि टोकदार खडे आम्ही हाताने वेचू. फक्त मुरूम टाकल्यावर तिसरं छोटं मैदान कुठल्या बाजूला हवं ते पावसाच्या आधी सांगा, म्हणजे तिथला उतार आधी काढून घेता येईल.

आपले,
मैदानावर खो-खो घेणारे आम्ही सगळे