बागेचं पाणी यंदा बंद ठेवायचं ठरवलंय

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फराळाचा डबा पोचला. चकली एकही मोडली नाही. फोनवर हे बोलता आलं असतं, पण फोन लावला की बाबा "आईशी बोल" म्हणतात आणि आई "आम्ही अगदी मजेत" म्हणते, आणि मग माझं म्हणणं तसंच राहतं. म्हणून लिहायला बसले. आई, तू मोठ्यानं वाच आणि बाबांना मध्ये बोलू देऊ नकोस.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता प्लंबर येईल. मागल्या वर्षी न्हाणीघराची लाइन बदलून गेला होता तोच. त्याला पैसे दिलेत मी, तुम्ही परत देऊ नका. तो बागेच्या मोटरचा स्विच काढून ठेवेल, मोठा व्हॉल्व्ह बंद करेल, पेरूच्या बाजूच्या खालच्या टोकाचं झाकण उघडून लाइनमधलं सगळं पाणी काढून टाकेल. टायमरमधले सेलही काढेल, नाहीतर ते आत झिरपतात. गुढीपाडव्यापर्यंत बागेतले स्प्रिंकलर बंद. बाबा, मी तुम्हाला विचारलं नाही, आधी ठरवलं आणि मग कळवतेय. तुम्हाला हे आवडणार नाही, ठाऊक आहे मला. पण विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असता आणि बघता बघता जानेवारी आला असता.

मला तुमच्या मनगटाचं मे महिन्यात कळलं, तेही मावशीकडून. जानेवारीतल्या धुक्यात, पहाटे साडेपाचला, नळापाशी ओल्या फरशीवर घसरलात. तुम्ही मला कॉटची कड लागली म्हणून सांगितलंत आणि मी आपली "शेक द्या" म्हणून मोकळी झाले. बाबा, रागावले नाहीये मी. पण आता इथे अमेरिकेत हिवाळ्यासाठी घड्याळ मागे केल्यापासून संध्याकाळचे पाच वाजले की तिथे पहाटेचे साडेपाच होतात, आणि रोज त्या वेळी मी ऑफिसातून निघताना माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही मागचं दार उघडताना दिसता. अंगावर ती करडी शाल, हातात टाचणी.

ही टाचणी मला सगळ्यात जास्त टोचते. टायमर मीच आणून दिला होता, तुम्हाला उठावं लागू नये म्हणून. आणि तुम्ही उठता, अकराच्या अकरा नोझल वर आलेत का ते बघायला, आणि ज्याच्यात बोअरच्या पाण्याचा क्षार अडकलाय ते वाकून टाचणीनं मोकळं करायला. म्हणजे मी तुमचं काम कमी केलंच नाही, उलट थंडीत वाकायचं एक नवं काम दिलं. ते मीच काढून घेतेय.

तुम्ही म्हणाल, ग्वाल्हेरला कुठे पाइप गोठतात? बरोबर आहे. आपल्याकडे पारा तीन-चारावर आला तरी जमिनीतलं पाणी गोठत नाही. पाइप फुटायची भीती नाहीच मला.

इथलं वेगळं आहे. इथे डेन्व्हरला ऑक्टोबरातच सगळ्यांना आपापल्या लॉनची लाइन रिकामी करावी लागते, कारण पाण्याचा बर्फ झाला की तो साधारण नऊ टक्के जास्त जागा मागतो आणि पाइप असो की पितळ, ऐकत नाही. मागच्या महिन्यात मी पहिल्यांदा माझी मी केली. भाड्यानं कंप्रेसर आणला, डोळ्यांना चष्मा लावला, मेन व्हॉल्व्ह बंद केला आणि लाइनमध्ये हवा सोडली. दाब पन्नास पौंडांच्या वर जाऊ द्यायचा नाही. सगळ्यात लांबचा झोन, म्हणजे एका वेळी चालणारा बागेचा भाग, आधी. सुरुवातीला नोझलमधून पाण्याची धार येते, मग ती फुसफुसते, मग नुसतं धुकं, आणि धुकं थांबलं की लगेच हवा बंद करायची. कोरड्या हवेवर चालू ठेवलं तर आतले प्लास्टिकचे दाते घासून तापतात आणि खराब होतात. म्हणून एका झोनला दोन मिनिटांच्या आतच, आणि शंका वाटली तर थोडं थांबून पुन्हा एकदा.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला फार आवडेल. घराच्या भिंतीला जिथे लाइन बाहेर निघते, तिथे एक पितळी नग असतो, बागेतलं पाणी उलटं पिण्याच्या पाण्यात येऊ नये म्हणून. तो जमिनीच्या वर असतो, त्यामुळे सगळ्यात आधी तोच गोठतो. त्याच्या चाव्या पूर्ण बंद ठेवायच्या नसतात आणि पूर्ण उघड्याही नाहीत, अर्ध्यावर, तिरप्या ठेवायच्या. कारण आत एक भोक पाडलेला गोळा असतो, आणि चावी पूर्ण फिरवली की त्या भोकात आणि गोळ्याभोवती घोटभर पाणी अडकतं. तेवढं पाणी पितळ चिरायला पुरतं. चाव्या तिरप्या केल्या आणि वाटलं, तुम्ही शेजारी असता तर बोटानं दाखवून म्हणाला असता, "बघ, केवढंसं पाणी!"

आणि आता खरं सांगते, 2019 साली माझा तो नग चिरला होता. घर घेतल्याचं पहिलंच वर्ष. ऑक्टोबरात एका दुपारी 28 अंश होते आणि दुसऱ्या दिवशी उणे 10. मी पुढल्या रविवारी करू म्हणून ठेवलं होतं. बर्फ वितळल्यावर भिंतीवर पाणी उडायला लागलं तेव्हा कळलं. तुम्हाला सांगितलं नाही, काळजी कराल म्हणून. म्हणजे मनगटाचं तुम्ही लपवलंत आणि नगाचं मी. आता दोघांनीही लपवायचं नाही, ठरलं?

लॉन वाळेल ही चिंता करू नका. थंडीत दूब, म्हणजे आपली हरळी, झोपते. पिवळी पडली तरी मुळं जिवंत असतात, फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढलं की आपोआप हिरवी होते. तिला दहा-बारा दिवसांनी एकदा, दुपारी उन्हात पाणी पुरतं, आणि ते माळीकाका देतील. मी बोलले आहे त्यांच्याशी. मटार आणि पपईची रोपं तुमची, त्यांना मी हात लावत नाही. दंव गोठवणारी थंडी पडायच्या आदल्या संध्याकाळी पाणी दिलं की ओली माती रात्रभर ऊब धरते, हे तुम्हीच मला शिकवलंत, त्यामुळे ते थांबवा म्हणणार नाही. फक्त ते सूर्य असताना व्हावं, चार-साडेचारला. त्यासाठी प्लंबर व्हरांड्याच्या खांबाला कमरेच्या उंचीवर एक नवी तोटी लावणार आहे. वाकायचं नाही, ओल्या फरशीवर उतरायचं नाही. नळी लांब घेतलीय, पपईपर्यंत पोचते.

लहानपणी मी आणि दादा थाटीपूरच्या या बागेत येण्याआधी, वाड्यातल्या चौकात, तुम्ही डालड्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून झारी केली होती. दादा म्हणायचा माझी, मी म्हणायचे माझी. तुम्ही एक दिवस त्याची, एक दिवस माझी असं ठरवून दिलं आणि माझ्या दिवशी मी तुळशीला एवढं पाणी घातलं की ती कुजली. आई ओरडली, आणि तुम्ही काही न बोलता बाड्याच्या बाजारातून नवं रोप आणून लावलंत. रात्री माझे ओले पाय तुमच्या धोतराच्या सोग्यानं पुसलेत. बाबा, मला ते पाय अजून आठवतात, किती गार पडले होते, आणि तुमचे हात किती गरम.

आता ऐका. बाहेर फिरायला नऊच्या आधी जायचं नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी वर जातं, डॉक्टरांनीही सांगितलंय. मशीन टेबलावर ठेवा, कपाटात नको. सकाळी चहाच्या आधी मोजा आणि वहीत लिहा. कोळशाची सिगडी खोलीत घेऊन दार लावून झोपायचं नाही, थोडा वेळ म्हणूनसुद्धा नाही. त्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याचा वास येत नाही, आणि माणूस झोपेतच जातो. गुरुवारी तेलाचा हीटर येईल, तो वापरा. विजेचं बिल मी बघते. आई, गॅसच्या गीझरचं पाणी बादलीत भरून झालं की गीझर बंद करायचा आणि मग आंघोळीला बसायचं, खिडकी उघडी ठेवून. फ्लूची लस दोघांनी घ्या. डिंकाचे लाडू कर, पण बाबांना एकच दे. गजक दोन तुकडे.

तानसेन समारोहाचं मला कळतं. बाबांचा एक डिसेंबर चुकलेला नाही. जा, पण सकाळी जा. तानसेनांच्या समाधीपाशी ढोलीबुवांची हरिकथा असते, सनई असते, ती ऐका, सकाळची सभा ऐका आणि जेवायला घरी या. रात्रीची सभा उघड्यावर, समाधीच्या त्या हजिरा भागातली थंडी, आणि यंदा शेजारी बसायला मी नाही.

हो, हेच सांगायचं होतं आणि मी ते इतक्या खाली लिहिलं. डिसेंबरात मी येत नाहीये. सुट्टी उरलेली नाही, उन्हाळ्यात यांच्या आईच्या ऑपरेशनला गेली. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता, तुम्हीही "जा" म्हणाला होतात. तरी मला तेव्हापासून चैन नाही. तिकीट गुढीपाडव्याच्या आधीचं काढलंय, तीन आठवडे राहीन, मुलांना घेऊन. आई, माझ्या खोलीतली गादी उन्हात टाकायची घाई करू नकोस, वेळ आहे.

बाबा, आणखी एकच काम. प्लंबर नोझल काढेल तेव्हा त्याला बॉक्समध्ये टाकून नेऊ देऊ नका. रात्रभर सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, बुडवा, सगळा क्षार सुटतो, टाचणी लागत नाही. मग पुसून त्या डालड्याच्या डब्यात ठेवा. कोठीत वरच्या फळीवर आहे, मी मागच्या वेळी पाहिला होता. नोझल त्याच्या भोकांतून पडणार नाहीत. अकरा आहेत, मोजून ठेवा. पाडव्यानंतर आपण दोघं मिळून बसवू, दुपारी, उन्हात.

तुमची,
मनू