बाबा, कॉम्प्युटर भंगारात देऊ नका

श्टुटगार्ट, १६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ‘आपल्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालेल का’ असं तुम्ही तीनदा विचारलंत आणि मी तीनदा ‘रविवारी बघते’ म्हणाले. आपला कॉम्प्युटर विंडोज ११ घेणार नाही. पण म्हणून तो टाकाऊ झालेला नाही. स्टेशनजवळचा तो दुकानवाला पंचावन्न हजारांचा नवा सेट गळ्यात मारत असेल, तर ‘मुलीला विचारून सांगतो’ म्हणा आणि सरळ घरी या.

मागच्या रविवारी तुम्ही मोबाईल धरून कॅबिनेट दाखवलंत, तेव्हा आधी स्टिकरच दिसेना. अकरा-बारा खंडेनवम्यांचं हळदकुंकू चढलंय त्याच्यावर, आणि कोपऱ्यात यंदाच्या झेंडूची एक पाकळी सुकून चिकटलेली. आईने पदराने पुसलं तेव्हा कुठे ‘आय ५’ दिसलं, म्हणजे इंटेलचा प्रोसेसर. मग तुम्ही पडद्यावरचा आकडा वाचलात, ४४६०. त्यातला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि ती पिढी आली २०१७ मध्ये. आपला २०१४ चा. शिवाय बोर्डावर टीपीएम २.० नावाची सोय लागते, म्हणजे कॉम्प्युटरच्या किल्ल्या ठेवायची छोटी तिजोरी समजा. ती आपल्याकडे नाही. रॅम मात्र ४ जीबी लागते आणि आपली ४ जीबीच आहे, म्हणजे तेवढ्या एका विषयात पस्तीस मार्कांनी पास.

अभय म्हणतो, ही तपासणी चुकवून विंडोज ११ टाकता येतं. येतं, खोटं नाही. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि तुम्ही त्याच्यावर सोसायटीचा हिशोब करता. बंगळुरात बसून असले सल्ले द्यायला त्याचं काय जातं! (मीही इथे बसूनच देतेय, माहीत आहे.)

तर असं करा. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबरला थांबले, पण मशीन बंद पडत नाही, आणि सुरक्षेच्या अपडेटना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळते. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला, तर पैसे पडत नाहीत. खातं उघडायला तुम्ही नाखूष आहात, पण ३० डॉलर भरून मुदतवाढ घेतली तरी खातं लागतंच. दुसरं, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्याहून कितीतरी वेगवान डिस्क, बसवून घ्या. आत्ता तुम्ही मशीन सुरू करता, चहा टाकता, पिऊनही होतो तरी ते फिरतच असतं. ते थांबेल. रॅमही ४ ची ८ करा. दुकानात डीडीआर ३ असं स्पष्ट सांगा, डीडीआर ४ त्या खाचेत बसतच नाही. मुदतवाढ संपल्यावर विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स मिंट आहे. पेन ड्राइव्हवरून चालू करून बघता येतं, आतलं काही पुसलं जात नाही. अडचण एकच, तुमची मराठी टायपिंगची श्रीलिपी विंडोजची. सोसायटीच्या नव्या नोटिसा आतापासून युनिकोडमध्ये टाइप करायला लागा, त्या कुठेही उघडतील.

आणि ‘स्क्रीन धूसर दिसतो’ म्हणून मॉनिटर बदलायचं म्हणत होतात, तो मॉनिटर ठीक आहे. आईने मला सांगितलंय. डॉक्टरांनी मोतीबिंदू म्हणून ऑगस्टमध्येच सांगितलं होतं ना? मला फोनवर रोज रंकाळ्यापासून तलावपाळीपर्यंतच्या गप्पा, आणि हे तेवढं राहून जातं?

आई, आता तू. मी नीट जेवते. भाकऱ्या जमत नाहीत, पोळ्या जमतात. सर्दी झाली नव्हती, मी कांदा चिरत होते. खिडकी उघडी टाकून झोपत नाही. तू व्हिडिओवर पाहिलंस ते वेगळं प्रकरण आहे, नीट सांगते म्हणजे पुन्हा काळजी नको. याला इथे ‘ल्युफ्टन’ म्हणतात, म्हणजे घराला हवा देणं. बाहेर शून्याच्या खाली असलं तरी सकाळ-संध्याकाळ हीटर बंद करायचा, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं वारं आरपार जाऊ द्यायचं आणि लावून टाकायच्या. नुसती तिरकी फट ठेवलेली चालत नाही, त्याने भिंती गार पडतात आणि हवा काही बदलत नाही. इथल्या खिडक्या इतक्या घट्ट बसतात की अंघोळीची, कुकरची वाफ आतच राहते आणि कोपऱ्यात बुरशी धरते. बुरशी आली की घरमालकीणबाई डिपॉझिट कापणार. माझ्या भाडेकरारात हे कलम आहे! सुरुवातीला मला वाटलं त्या थट्टा करतायत. आता स्वेटर, मफलर घालून स्वतःच्याच घरात उभी राहते आणि घड्याळ बघते. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना वास येतो, तेव्हा तूही हेच करतेस, फक्त त्याला नाव नाही.

दिवाळीला आले नाही म्हणून परत लिहीत नाही, त्यावर बोलून झालंय. राम मारुती रोडच्या दिवाळी पहाटेचे फोटो पाहिले. छान होते. चकल्याही पोचल्या, अर्ध्या मोडल्या होत्या, मोडलेल्या आधी संपवल्या.

पैशांचं. काल ८० हजार पाठवलेत. त्यात एसएसडी आणि रॅम वजा जाता सगळे डोळ्यासाठी आहेत, पुनर्विकासाच्या मीटिंगच्या फाइलसाठी नाहीत. बाबा, ‘कर्ज समजतो’ वगैरे म्हणू नका. तो कॉम्प्युटर तुम्ही माझ्या इंजिनिअरिंगसाठी पीएफमधून काढून घेतला होता, तेव्हा मी काही लिहून दिलं नव्हतं.

ऐरोलीच्या स्थळाचं म्हणाल तर मुलाशी एकदा बोलले, माणूस बरा वाटला, पुढचं मी सांगेन. पत्रिका तूर्त देऊ नका. पण अभयचं माझ्यासाठी अडवू नका. मोठी बसलीय आणि धाकट्याचं कसं करायचं, हे मावशीला विचारू दे, तुम्ही विचारू नका. साखरपुडा फेब्रुवारीतच करा. मला तेव्हा रजा मिळणं कठीण आहे. अजून नक्की नाही, पण कठीण आहे. लग्नाला मेमध्ये येतेच.

साखरपुड्याच्या दिवशी मला त्याच कॉम्प्युटरवरून दाखवा, म्हणून एसएसडी जानेवारीच्या आत बसवून घ्या. वेबकॅम टीव्हीच्या टेबलावर नको, उंच स्टुलावर ठेवा. तुमच्याकडे अकरा म्हणजे माझ्याकडे साडेसहा, मी आवरून बसेन. आणि खिडकीकडे पाठ करून बसू नका कुणी, उजेड मागून आला की सगळ्यांची तोंडं काळी दिसतात.

तुमची,
मनू