जलतरण तलावाच्या टाइल्सआधी गळती पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातील जुन्या सार्वजनिक जलतरण तलावाच्या नूतनीकरणाची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. नव्या टाइल्स, रंगरंगोटी आणि दिवे यांचेच कौतुक कानावर येते. तलावाचे खरे दुखणे मात्र पाण्याखाली आणि जमिनीखाली आहे. ते शोधल्याखेरीज वरच्या सजावटीवर एक रुपयाही खर्च होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२५ मीटर लांब आणि साडेबारा मीटर रुंद तलावाची पातळी एक सेंटीमीटरने उतरली, तर तीन हजार लिटरहून अधिक पाणी गेलेले असते. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि तेही उजनीहून सुमारे शंभर किलोमीटरच्या जलवाहिनीने आणावे लागते. अशा शहराला ही गळती परवडणारी नाही. उन्हाने पाणी उडते हे खरेच, पण उडाले किती आणि मुरले किती हे कळायला मोठी यंत्रणा लागत नाही. तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवून आतली व बाहेरची पातळी खुणेने नोंदवावी आणि २४ तासांनी दोन्ही ताडून पाहावे. तलाव बादलीपेक्षा जास्त उतरला, तर तो फरक गळतीचा. हीच तपासणी पंप बंद ठेवून आणि चालू ठेवून केली, की दोष तलावाच्या टाकीत आहे की पाइपांत, याचाही अंदाज येतो.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे अशा जमिनीतील जुन्या बांधकामाचे सांधे हलण्याची भीती असते. आमच्या तलावात उथळ बाजूच्या पायऱ्यांजवळ टाइलांमधला मसाला निघून गेला असून त्या कडांनी मुलांचे पाय कापतात. फिल्टरच्या खोलीत पाण्याचा दाब दाखवणाऱ्या प्रेशर गेजची काच इतकी धुरकटली आहे की काटा दिसतच नाही. फिल्टर तुंबला की हा दाब वाढतो. मग वाळूचा फिल्टर उलटा धुण्याची, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून साफ करण्याची, वेळ झाली हे कर्मचाऱ्यांनी ओळखायचे कसे?

कामाची वेळही नीट ठरवावी लागेल. भर पावसाळ्यात तलाव रिकामा केला, तर भूजलाचा दाब तळ उचलू शकतो. एप्रिल-मेमध्ये तो बंद ठेवला, तर सुटीतली मुले विहिरी आणि खाणींच्या डोहांकडे वळतात, आणि तिथे ना जीवरक्षक असतो ना उथळ बाजू. म्हणून दिवाळीनंतर जमीन वाळल्यावर काम हाती घेऊन मार्चअखेर ते पूर्ण करावे. निविदेत गळती चाचणी, पाइप आणि गाळणयंत्रणा ही कामे आधी व सजावट नंतर, असा क्रम लेखी असावा. तलाव सुरू झाल्यावर पाण्यातील क्लोरीन व पीएच यांची रोजची नोंद प्रवेशद्वारावरील फलकावर लावावी, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे संबंधितांना करतो.

आपला,
एक नियमित सभासद, सोलापूर