कायदा हवाच, पण तपासाचा

महोदय,

ऑनलाइन छळाविरुद्ध राज्याचा स्वतंत्र कायदा हवा, ही मागणी रास्त आहे. डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या शक्ती विधेयकात समाजमाध्यमांवरून महिलांना त्रास देणाऱ्यांसाठी तरतूद होती. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते कागदावरच राहिले. पण घाईही नको. केरळने 2020 मध्ये वटहुकूम काढून पोलीस कायद्यात अपमानकारक मजकुरासाठी शिक्षेचे 118अ हे कलम घातले आणि टीकेची झोड उठताच काही दिवसांत माघार घेतली. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठीचे 66अ कलम संदिग्ध ठरवून रद्द केल्यावरही असे सुचावे, कमाल आहे!

खरे घोडे पेंड खाते ते तपासात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 नुसार तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा. बंदोबस्त, मोर्चे आणि वर सिंहस्थाची तयारी. नाशिकच्या निरीक्षकाला बनावट इन्स्टाग्राम खात्याचा माग काढायला सवड कधी मिळणार? पेठ-सुरगाण्यासारख्या दुर्गम तालुक्यातल्या मुलीने तर कोणाकडे बघायचे?

पैशांच्या फसवणुकीत 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर रक्कम गोठवता तरी येते. बदनामीकारक फोटो तोवर गावभर फिरलेला असतो. पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे. तेव्हा तक्रारीनंतर किती तासांत समाजमाध्यम कंपनीला पत्र जायचे आणि न गेल्यास कोणी उत्तर द्यायचे, एवढे तरी राज्याने कायद्यात स्पष्ट लिहावे. शिक्षेची वर्षे नंतर वाढवता येतील.

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक